एका दाखल्याची कुळकथा

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात गोरेगाव आहे. अशा गावात एखादं लेकरू तीन वर्षांचं होऊनही बोलत नसेल, हाक मारली तरी वळून पाहत नसेल, गाडीचं एकच चाक तासन्‌तास फिरवत बसत असेल, तर घरातली वडीलधारी आधी धीर देतात: याचा बापही उशिराच बोलला होता. मग नवस होतो, अंगारा लावून होतो, कुणीतरी सांगितलेल्या जाणत्याकडे जाणं होतं. त्यानंतर खासगी दवाखाना, हिंगोली, नांदेड. या सगळ्या फेऱ्यांच्या शेवटी, वाट दाखवणारं कुणी भेटलं तर, घरात एक कागद येतो. तो दिव्यांगत्वाचा दाखला असतो. दिव्यांगत्वाच्या प्रकारापुढे ‘स्वमग्नता’ असं लिहिलेलं असतं आणि खाली टक्केवारी असते. एसटीच्या सवलतीसाठी, शाळेसाठी, निराधार योजनेच्या अर्जासाठी हाच कागद पुढे करायचा असतो.

हा कागद घरात आला की धावपळ संपली असं वाटतं. खरं तर त्यावरच्या एकेका शब्दामागे शंभर वर्षांचा शोध आहे, वाद आहेत, मोठ्या चुका आहेत आणि आईबापांच्या दोन-तीन पिढ्यांची झुंज आहे. त्या शोधातून हाती आलेली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र या कागदावर अजून उतरलेली नाही. म्हणून त्याचा मागोवा घ्यायचा.

चाळीस प्रश्न

सुरुवात टक्केवारीपासून करू. ती येते ‘आयएसएए’ नावाच्या भारतीय मापनश्रेणीतून. १९८४ साली सिकंदराबादला स्थापन झालेल्या राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेने ही श्रेणी तयार केली आणि २००९ साली ती वापरात आणली. तिच्यात चाळीस बाबी आहेत. मूल नजरेला नजर देतं का, आपल्यातच राहतं का, ऐकलेले शब्द तसेच पुन्हा म्हणतं का, एखाद्या निर्जीव वस्तूला चिकटून राहतं का, आवाजाने किंवा स्पर्शाने त्याला वेगळाच त्रास होतो का, अशा त्या बाबी. तपासणारा मुलाला पाहतो, आईवडिलांना विचारतो आणि प्रत्येक बाबीला १ ते ५ गुण देतो. बेरीज ४० ते २०० च्या मध्ये कुठेतरी येते. ती ७० च्या आत असेल तर स्वमग्नता नाही. ७० ला ४० टक्के दिव्यांगत्व धरतात, १५८ च्या पुढे १०० टक्के.

हे मोजमाप दाखल्यासाठी लागू करण्याची अधिसूचना २०१६ च्या एप्रिलमध्ये निघाली. त्याच वर्षी दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला आणि पूर्वीच्या ७ प्रकारांचे २१ झाले. त्यांत स्वमग्नता आली. १९९५ च्या जुन्या कायद्यात तिचं नावच नव्हतं. त्यामुळे कितीतरी मुलांच्या दाखल्यावर ‘मतिमंद’ असं लिहिलं गेलं आणि ज्यांची बुद्धी त्या मापात बसत नव्हती, त्यांना काहीच मिळालं नाही. २०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले. त्या तक्त्यातही स्वमग्नतेचा रकाना नव्हता. त्या वर्षी गोरेगावात अशी किती माणसं होती, हे त्या जनगणनेतून कळायला मार्गच नाही.

या दोन कायद्यांच्या मध्ये १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा येतो. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी तो झाला. त्याच्या मुळाशी पालकांचा एकच प्रश्न होता: आमच्यामागे याचं काय? अठरा वर्षांपुढच्या व्यक्तीलाही कायदेशीर पालक नेमता यावा म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समितीची तरतूद त्यात आहे. परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला तोही १९९९ सालीच, १ मे रोजी. म्हणजे जिल्ह्याचं आणि या तरतुदीचं वय जवळपास सारखंच आहे.

अकरा मुलं

आता त्या चाळीस बाबींच्या मागे जाऊ. नजरेला नजर न देणं, एकटं राहणं, क्रम मोडला की बिथरणं, ही लक्षणं एकत्र बांधून पहिल्यांदा कुणी मांडली? मॉस्कोत काम करणाऱ्या ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी १९२५ साली सहा मुलग्यांचं फार बारकाईने वर्णन केलं होतं. ते बराच काळ दुर्लक्षित राहिलं. जगाने गणना सुरू केली ती १९४३ पासून. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले बालमानसतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी त्या वर्षी आठ मुलगे आणि तीन मुली, अशा अकरा मुलांवर निबंध प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी आपल्या दवाखान्यातल्या मुलांबद्दल लिहिलं. पुढे कित्येक वर्षं त्यांच्या नावाने निदान दिलं जात होतं. हेच आस्पर्गर नाझी राजवटीशी जुळवून घेऊन होते आणि जिथे मुलांना मारलं जात होतं अशा संस्थेकडे त्यांनी काही मुलं पाठवली होती, हे २०१८ साली कागदपत्रांसह पुढे आलं. मुलांना मापात बसवण्याच्या या इतिहासात हेही आहे आणि ते विसरून चालणार नाही.

त्या काळात आपल्याकडे काय होतं? मुंबईत टाटांच्या समाजकार्य संस्थेने १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र सुरू केलं होतं. १९४४ साली वकील आडनावाच्या दांपत्याने आपल्या मुलीच्या गरजेतून जी शाळा काढली, ती आजची जय वकील. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याचं मनोरुग्णालय जालन्यात होतं, ते पुढे हैदराबादला हललं. गोरेगावसारख्या गावातल्या माणसाला यातलं काहीच जवळ नव्हतं. न बोलणारं मूल घरात वाढे, गुरांमागे जाई, किंवा दाराआड राही. त्याची नोंद कुठेच झाली नाही.

कॅनर यांनी पाहिलेल्या मुलांचे आईबाप बहुतेक उच्चशिक्षित होते. साहजिकच होतं, कारण शेकडो मैलांवरून बाल्टिमोरच्या तज्ज्ञापर्यंत पोहोचणं त्यांनाच शक्य होतं. त्यातून एक चुकीचा समज रुजला की हा शिकल्यासवरल्या, थंड स्वभावाच्या घरांतला प्रकार आहे. ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकातून आईच्या मायेच्या अभावावर बोट ठेवलं आणि जगभरच्या आयांनी हा दोष वर्षानुवर्षं मुकाट्याने सोसला. त्याआधीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलंड यांनी याचं मूळ मेंदूच्या घडणीत असल्याचं ठामपणे लिहिलं होतं. ते स्वतः स्वमग्न मुलाचे वडील होते. १९७७ साली लंडनमध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. हुबेहूब जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघेही स्वमग्न निघाले. दिसायला वेगळ्या जुळ्यांच्या १० जोड्यांत अशी एकही जोडी नव्हती. आनुवंशिकतेचा वाटा त्यातून दिसला आणि आईवरच्या आरोपाचा पाया ढासळला. तरीही ‘आईनेच लक्ष दिलं नसेल’ हे वाक्य आजही आपल्या गावांत सुनेला ऐकावं लागतं. ते वाक्य विज्ञानाने टाकून देऊन जवळपास पन्नास वर्षं झाली, हे गावागावांत सांगायला हवं.

मोजणीचीही अशीच गोष्ट आहे. १९६६ साली व्हिक्टर लॉटर यांनी इंग्लंडच्या मिडलसेक्स परगण्यात दहा हजारांत साडेचार मुलं मोजली. १९७९ साली लोर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड यांनी लंडनच्या कँबरवेल भागात मोजताना दवाखान्यात आलेल्या मुलांपुरतं न पाहता वस्तीतली विशेष गरजा असलेली सगळी मुलं पाहिली, तेव्हा कॅनर यांच्या वर्णनात नेमकी न बसणारी पण तशाच अडचणींची कितीतरी मुलं दिसली. यातूनच वर्णपटाची कल्पना आली: कुणी अजिबात न बोलणारा, कुणी पदवीधर, पण दोघांच्या अडचणींचं कूळ एक. विंग याही स्वमग्न मुलीची आई होत्या. दाखल्यावरची टक्केवारी १०० पर्यंत अशी पायरीपायरीने जाते, तिच्यामागे ही कल्पना आहे.

परत जाऊन पाहिलं तेव्हा

इथवरचं सगळं लहान मुलांविषयी झालं. माणूस मात्र लहान राहत नाही. या शोधाचं खरं वळण कुणीतरी परत जाऊन पाहिलं तेव्हा आलं.

१९७१ साली कॅनर यांनी आपल्या त्या अकरा मुलांचा मागोवा घेतला. आता ती तिशी-चाळिशीत होती. मोठ्या सरकारी संस्थांमध्ये ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांचे लहानपणी दिसलेले गुण विझून गेले होते. अशा संस्थेत भरती होणं म्हणजे जन्मठेपच, असा कॅनर यांचा कडवट निष्कर्ष होता. उलट त्यांच्या यादीतला पहिला मुलगा, डोनाल्ड, बँकेत नोकरी करत होता.

डोनाल्ड मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावचा. नऊ वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला गावाबाहेर शेती करणाऱ्या एका जोडप्याकडे ठेवलं. त्याला मोजण्याचं वेड होतं. त्या जोडप्याने ते वेड मोडायचा प्रयत्न केला नाही, त्याला काम जोडून दिलं. विहीर खण आणि किती खोल गेली ते मोजून सांग. मक्याच्या ओळी मोजायच्या आहेत ना, मग नांगरत नांगरत मोज. १९४५ साली कॅनर तिथे गेले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांदेखत त्या मुलाने सहा लांब तासं नांगरली. त्या भागातल्या शाळेने त्याच्या लकबी जशाच्या तशा चालवून घेतल्या आणि तो शिकला. पुढे तो पदवीधर झाला, गाडी चालवायला शिकला, गोल्फ खेळला, देशोदेशी एकटा हिंडला. २०२३ च्या जूनमध्ये, ८९ व्या वर्षी, तो आपल्या गावातच वारला.

त्याच्या घरी पैसा होता, बँक घरच्यांचीच होती, हे खरंच. पण त्याला सावरणाऱ्या त्या दोन शेतकऱ्यांकडे ना पदवी होती ना उपचारपद्धती. त्यांनी मुलाकडे नीट पाहिलं आणि रोजच्या कामात त्याला जागा करून दिली. जगातल्या सर्वांत थोर बालमानसतज्ज्ञाने हे शहाणपण शेतावर उभं राहून पाहिलं आणि लिहून ठेवलं. सोयाबीन आणि हळदीच्या गावात राहणाऱ्या वाचकाने हा प्रसंग आपला म्हणून वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

त्यानंतर परत जाऊन पाहणाऱ्यांची परंपरा तयार झाली. लंडनच्या पॅट्रिशिया हाउलिन यांनी लहानपणी निदान झालेल्या ६८ जणांना मोठेपणी गाठलं आणि २००४ साली लिहिलं की निम्म्याहून अधिक जणांचं जगणं फार परावलंबी राहिलं आहे. अमेरिकेत मार्शा मेलिक यांनी १९९८ पासून विस्कॉन्सिन आणि मॅसॅच्युसेट्समधली चारशेहून अधिक कुटुंबं वर्षानुवर्षं पाहिली. त्यातून निघालेल्या तीन गोष्टी आपल्यासाठी महत्त्वाच्या आहेत. पहिली, स्वमग्न माणूस मोठेपणीही बदलतो, शिकतो, सुधारतो. दुसरी, शाळा सुटली की ही सुधारणा मंदावते, कारण दिवसाला आकार देणारं काही उरत नाही, आणि गरीब घरांत हा फटका जास्त बसतो. तिसरी, ज्या घरात आईच्या बोलण्यात ऊब आणि कौतुक आहे, तिथे पुढे त्रास कमी होत जातो. आईला दोषी ठरवणाऱ्या सिद्धांतापासून इथवर यायला विज्ञानाला चाळीस वर्षं लागली. याच अभ्यासात आयांच्या शरीरावर वर्षानुवर्षांच्या ताणाच्या खुणाही मोजल्या गेल्या. म्हणजे ती ऊब टिकायची तर आईलाही कुणीतरी आधार द्यावा लागतो.

मोठ्यांची मोजणीही झाली. इंग्लंडमध्ये ट्रेओलॅक ब्रूघा यांच्या चमूने घरोघरच्या प्रौढांची पाहणी केली आणि २०११ साली सांगितलं की शंभरात साधारण एक प्रौढ स्वमग्न आहे आणि वय वाढलं म्हणून हे प्रमाण घटत नाही. त्यांतल्या बहुतेकांना आपलं निदान माहीतच नव्हतं. २०१६ साली स्वीडनमधल्या २७ हजारांहून अधिक स्वमग्न व्यक्तींच्या नोंदींवरून दिसलं की इतरांचा मृत्यू सरासरी सत्तराव्या वर्षी होत असताना यांचा चोपन्नाव्या वर्षी होतो. त्यात फिट्सचा आजार आहे, हृदयविकार आहे, आत्महत्याही आहेत. दुखणं सांगता न येणाऱ्या माणसाचं दुखणं ओळखलं जात नाही, हेही त्यामागे आहेच.

पालघर, गोवा आणि आपला जिल्हा

महाराष्ट्रात या कामाची सुरुवात शहरांत झाली. मुंबईत २००१ साली डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी ‘उमीद’ हे बालविकास केंद्र सुरू केलं. पालकांचे गट उभे राहिले. छत्रपती संभाजीनगरात ‘आरंभ’, लातूरमध्ये ‘उमंग’ अशी केंद्रं झाली आणि मराठवाड्यातल्या कुटुंबांची पुण्या-मुंबईची फेरी थोडी कमी झाली.

शासनाचं एक मोठं पाऊल आपल्याच राज्यातून पडलं. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. वैद्यकीय पथकं अंगणवाडी आणि शाळांत जाऊन जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात आणि विकासात मागे पडणाऱ्या मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. गोरेगावच्या लेकरासाठी निदानाची सर्वांत जवळची वाट हीच आहे.

आणि हा काही शहरी किंवा परदेशी प्रकार नाही, हे मोजून दाखवणाऱ्या भारतीय अभ्यासात एक जिल्हा उत्तर गोवा होता. पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा इथल्या २ ते ९ वर्षांच्या जवळपास चार हजार मुलांचा हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. स्वमग्नतेचं प्रमाण शंभरात सुमारे एक निघालं. गोव्यातल्याच ‘संगथ’ संस्थेने डॉ. गौरी दिवाण यांच्या पुढाकाराने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. गोवा आणि रावळपिंडी इथल्या ६५ मुलांच्या कुटुंबांवर झालेल्या चाचणीत घरी जाणारे कार्यकर्ते तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. आई आणि मूल खेळत असताना ते व्हिडिओ घेत, मग आईसोबत बसून तो पाहत: इथे त्याने तुमच्याकडे पाहिलं, इथे तुम्ही थांबलात म्हणून त्याने हात पुढे केला. २०१६ साली आलेल्या निकालात आयांचा प्रतिसाद मुलाशी जुळू लागला होता आणि मुलं स्वतःहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली होती.

दाखल्याच्या पुढे

आता पुन्हा त्या कागदाकडे पाहू. त्यावर एक दिवस आहे, एक बेरीज आहे, एक टक्केवारी आहे. शाळेतून बाहेर पडल्यावर या माणसाचं काय झालं, त्याला कोणतं काम जमतं, आई थकल्यावर त्याचं कोण बघतं, याला त्यावर जागा नाही. अठरा वर्षं पूर्ण झाली की बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथकही त्याच्यापर्यंत येत नाही. आणि गावात आज चाळीस, पन्नास, साठ वर्षांची अशी माणसं आहेत, ज्यांच्याकडे हा कागदही नाही. गाव त्यांना भोळं म्हणतं, येडं म्हणतं. काही घरांत त्यांना मायेने सांभाळलंय, काही घरांत कोंडून ठेवलंय. शंभरात एक हे प्रमाण धरलं तर प्रत्येक मोठ्या गावात अशी माणसं असणारच.

स्वमग्नतेचं आयुष्यभराचं चित्र आजवर जवळपास सगळं श्रीमंत देशांत रेखाटलं गेलं. एकत्र कुटुंबात, शेतावर, जत्रेच्या गर्दीत आणि सोयऱ्याधायऱ्यांच्या राबत्यात स्वमग्न माणूस म्हातारा कसा होतो, याचं उत्तर त्या अभ्यासांत नाही. ते हिंगोलीसारख्या जिल्ह्यातच मिळेल. डोनाल्डला शेताने सावरलं तसं आपल्या शेतांनी कुणाला सावरलं, आणि कुणाला सावरू शकली नाहीत, हे आपणच शोधायला हवं.

हे आपल्याला जमणार नाही असं कुणी म्हणू नये. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. त्यांच्या पोटी जन्मलेली मुलं आज तिशीत आहेत आणि तो अभ्यास त्यांच्यासोबत मोठा होत आला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांतल्या थोड्या शिकलेल्या बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. बालमृत्यू झपाट्याने घटले, १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्यावरचा निबंध छापला आणि आज आशाताई घरोघरी जाऊन बाळाला पाहतात त्याचं मूळ तिथे आहे. खेड्यातली माणसं पिढीभर साथ देतात आणि खेड्यातली बाई शास्त्र घडवते, ही दोन्ही उदाहरणं महाराष्ट्राचीच आहेत.

हिंगोलीत २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. अशा प्रत्येक महाविद्यालयात जनआरोग्याचा विभाग असतो आणि त्याला काम करायला गावं लागतात. त्या विभागाने गोरेगावसारखी काही गावं घ्यावीत. आशाताई आणि अंगणवाडीताईंसोबत घरोघर जावं. फक्त लेकरांची विचारपूस न करता ‘तुमच्या घरात असं मोठं माणूस कुणी आहे का’ हेही विचारावं. दाखला नसेल तर मिळवून द्यावा, फिट्स येत असतील तर औषध सुरू करावं, कायदेशीर पालकासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करून द्यावा. आणि दर काही वर्षांनी त्याच घरांत पुन्हा जावं, त्याच माणसांना नावाने हाक मारून विचारावं, लिहून ठेवावं.

शंभर वर्षांच्या या कुळकथेत ज्यांनी फक्त एकदा मोजलं त्यांच्याकडून चुका झाल्या आणि जे परत गेले त्यांना सत्य दिसलं. आपल्या जिल्ह्यात अजून कुणी पहिल्यांदाही नीट गेलेलं नाही. म्हणून सुरुवात करतानाच परत जाण्याची तयारी ठेवून करावी. तसं झालं तर आज दाखला घेतलेल्या लेकराच्या पन्नाशीत, त्याचं आयुष्य कसं गेलं आणि ते आणखी बरं कसं जाऊ शकलं असतं, हे सांगणारी नोंद मराठीत, याच जिल्ह्यात असेल. पुढच्या लेकराच्या आईला तीच सर्वांत आधी उपयोगी पडेल.